कॅसेट आपल्या मालकीची, गाणे कोणाचे?

एका वाचक भगिनींचे पत्र:

स. न. वि. वि. माझे यजमान गेल्या वर्षी वारले. त्यांच्या मागे घरात चारशेच्या आसपास कॅसेट आहेत. निम्म्याहून अधिक दुकानातून रीतसर विकत घेतलेल्या: नाट्यसंगीत, भावगीते, शास्त्रीय गायन. काही त्या काळी दुकानात यादी देऊन कोऱ्या कॅसेटवर भरून घेतलेल्या. पंचवीस-तीस कॅसेट मात्र यजमानांनी १९९६ ते २००३ या काळात आमच्या किंवा मित्रांच्या घरी झालेल्या बैठकींत स्वतः मुद्रित केल्या आहेत. टेप आता धड चालत नाही, म्हणून हे सगळे संगणकावर उतरवून घ्यावे असे मनात आहे. पुण्याला आयटीत असलेला मुलगा म्हणतो, "आई, ही सरळसरळ पायरसी आहे. सगळं ॲपवर मिळतं, कॅसेट टाकून दे." मुलगी लंडनला असते, तिला सगळ्याची एक प्रत हवी आहे. यजमानांच्या पहिल्या स्मृतिदिनी त्यांच्या गाणे ऐकणाऱ्या पन्नासेक मित्रांना त्यांच्या आवडत्या गाण्यांचा पेनड्राइव्ह द्यावा असा विचार आहे, आणि एक स्नेही तर ही गाणी व्हॉट्सॲपच्या गटावर आणि यूट्यूबवर टाकू म्हणतात. आम्ही पैसे मोजून घेतलेल्या वस्तूची प्रत काढली तर त्यात गैर काय?
– एक निवृत्त शिक्षिका, मिरज

सप्रेम नमस्कार.

आधी निकाल सांगते आणि मग कारणे देते. कॅसेट संगणकावर उतरवून घेण्याच्या बाबतीत आपल्या मुलाचे चुकते आहे आणि पेनड्राइव्ह वाटण्याच्या बाबतीत आपले. बैठकींच्या मुद्रणांचा प्रश्न या दोहोंहून निराळा आहे आणि खरे तर सगळ्यांत नाजूक आहे, पण पत्रात आपण त्याला एका वाक्यात उरकले आहे.

मुलाच्या म्हणण्याला आधार नाही असे नाही. कॅसेट विकत घेताना आपण ती डबी, तिच्यातली फीत आणि ती फीत घरी हवी तितक्या वेळा वाजवण्याची मुभा विकत घेतो. गाण्याचे हक्क ज्यांचे होते त्यांचेच राहतात. शब्दांचा हक्क गीतकाराचा, चालीचा संगीतकाराचा, ध्वनिमुद्रणाचा बहुधा कंपनीचा, आणि या तिन्ही हक्कांची मुदत वेगवेगळी चालते. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १४ नुसार ध्वनिमुद्रणाची दुसरी प्रत काढणे आणि ते इलेक्ट्रॉनिक माध्यमात साठवून ठेवणे या दोन्ही गोष्टी हक्कधारकाच्या अधिकारातल्या आहेत. एवढेच कलम वाचून कोणी थांबला, तर आपल्या मुलासारखाच निष्कर्ष काढील.

परंतु त्याच कायद्यातले कलम ५२ कोणत्या कृतींनी हक्कभंग होत नाही ते सांगते, आणि त्या यादीत अगदी सुरुवातीलाच खासगी किंवा वैयक्तिक उपयोगासाठी केलेला रास्त वापर आहे. या तरतुदीचा इतिहास आपल्या संग्रहाच्या दृष्टीने मोठा गमतीचा आहे. २०१२ पर्यंत ही सवलत साहित्य, नाट्य, संगीत आणि कलाकृती यांच्यापुरती होती. ध्वनिमुद्रणे आणि चित्रपट तिच्यात नव्हते. म्हणजे ऐंशी-नव्वदच्या दशकांत घरोघरी टू-इन-वनवर एका कॅसेटवरून दुसरी कॅसेट भरली जात होती तेव्हा त्या उद्योगाला कायद्याच्या या शब्दांचा आधार नव्हता, आणि कोणाच्या मनाला त्याची टोचणीही नव्हती. २१ जून २०१२ रोजी अमलात आलेल्या दुरुस्तीने संगणक प्रणाली तेवढ्या वगळून कोणत्याही कृतीला ही सवलत लागू केली, आणि त्याखाली एक स्पष्टीकरणही जोडले, की या कारणांसाठी एखादी कृती इलेक्ट्रॉनिक माध्यमात साठवणे हा हक्कभंग नव्हे. आता आधार आला आहे आणि मुले आक्षेप घेत आहेत, असा हा काळाचा फेरा आहे.

रास्त या शब्दाची व्याख्या कायद्याने केलेली नाही, आणि कॅसेटवरून संगणकावर उतरवण्यास हरकत नाही असे एकही वाक्य त्यात सापडणार नाही. वापर कशासाठी झाला, कृतीचा किती भाग घेतला, आणि त्यामुळे मूळ कृतीच्या बाजाराला धक्का बसला का, हे पाहून न्यायालये रास्तपणा ठरवतात. आपली गोष्ट या कसावर घासून पाहू. मूळ कॅसेट विकत घेतलेली आहे. ती वाजवण्याचे यंत्र बाजारातून जवळजवळ नाहीसे झाले आहे. प्रत आपल्याच घरातल्या संगणकावर राहणार आहे आणि ऐकणार आहात आपण. यात कोणत्या कंपनीची एक तरी विक्री बुडते? जे ऐकण्यासाठी पैसे दिले होते तेच आपण पुढेही ऐकत राहणार. मला यात कायद्याने किंवा मनाने अडखळावे असे काही दिसत नाही. प्रतीची आणखी एक प्रत वेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवलीत, मोबाइलवर घेतलीत, स्वतःच्या खात्यातल्या क्लाउडवर टाकलीत, तरी उपयोग वैयक्तिकच राहतो. संग्रहात सीडी असतील तर त्यांनाही हेच लागू आहे. काही चकत्यांवर प्रत काढू न देणारे तांत्रिक कुलूप असते. ते तोडणे कलम ६५अ खाली गुन्हा आहे, पण हक्कभंग करण्याच्या उद्देशाने तोडले असेल तर. आपल्याकडच्या तरतुदीत हा उद्देशाचा शब्द मुद्दाम घातलेला आहे.

सगळे ॲपवर मिळते हे मुलाचे दुसरे वाक्य मात्र मला अधिक खटकले. ॲपवरचे गाणे आपण भाड्याने ऐकतो. वर्गणी थांबली की गाणे थांबते, कंपन्यांचा करार संपला की यादीतून गाणी गळतात, आणि कधी कधी दुकानच बंद होते: विंक ही संगीतसेवा बंद करत असल्याचे एअरटेलने २०२४ मध्ये जाहीर केले, तेव्हा तिच्यावर जमवलेल्या याद्या लोकांना दुसरीकडे हलवाव्या लागल्या. शिवाय जुन्या कॅसेटवर जे मुद्रण असते तेच ॲपवर असेल याची खात्री नाही. एकाच गायकाने तेच पद दोन-तीनदा गायलेले असते आणि ऐकणाऱ्याला त्यातले एकच हवे असते. आपल्या यजमानांना हा फरक नक्की कळत असणार, नाहीतर चारशे कॅसेट जमत नाहीत.

विंकचे नाव निघाले म्हणून एक निकाल सांगते, कारण तो आपल्याला उपयोगी पडेल. टिप्स या कंपनीने विंकविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात दावा केला होता. आमचे ग्राहक गाणी उतरवून आपल्या फोनमध्ये ठेवतात तो त्यांचा खासगी उपयोग आहे, असाही एक बचाव विंकने मांडला होता. एप्रिल २०१९ मध्ये न्यायालयाने तो फेटाळला. पैसे घेऊन गाणी पुरवणाऱ्याला ग्राहकाच्या खासगी वापराची ढाल पुढे करता येणार नाही, असा त्याचा आशय होता. २०२२ मध्ये खंडपीठानेही एकल न्यायाधीशांचा आदेश कायम ठेवला. ही सवलत माणसाची आहे, धंद्याची नाही. म्हणून कॅसेट स्वतः उतरवा किंवा मुलाकडून उतरवून घ्या असे मी सुचवीन. तेवढे जमत नसेल आणि एखाद्या स्टुडिओला द्यायच्याच असतील, तर आपल्याच कॅसेट द्या, आपल्याच समोर परत घ्या, आणि त्यांच्या संगणकावर प्रत राहू देऊ नका. काही दुकानदार कॅसेट उतरवून देताना आपल्याकडची आणखी पाच हजार गाणी त्याच डिस्कवर फुकट टाकून देतात. ती टाकू देऊ नका. त्या पाच हजारांपैकी एकाही गाण्याचे पैसे आपण कधी मोजलेले नाहीत.

यावरूनच भरून घेतलेल्या कॅसेटकडे येते. एके काळी गावोगाव ही दुकाने होती. साठ किंवा नव्वद मिनिटांची कोरी कॅसेट घ्यायची, वहीच्या पानावर गाण्यांची यादी लिहून द्यायची, आणि चार दिवसांनी भरलेली कॅसेट न्यायची. ते दुकानदार विनापरवाना व्यापारच करत होते आणि त्यातला पैसा ना गीतकाराला मिळत होता ना कंपनीला. म्हणजे या कॅसेटची फीत आपली आहे, पण गाण्याचा मोबदला कोणालाच पोचलेला नाही. आमचे यजमान जाणूनबुजून असे करणारे नव्हते, असे आपण म्हणाल आणि ते खरेच असेल. त्या काळी हजारो सज्जनांनी हेच केले. आता त्या घरी ऐकण्यासाठी उतरवल्या तर कोणी विचारायला येणार नाही, आणि कलम ५२ मधल्या या सवलतीत मूळ प्रत रीतसर घेतलेली असावी अशी स्पष्ट अटही नाही. तरीही माझे मत विचाराल तर या कॅसेटमधली जी गाणी आज रीतसर विकत किंवा वर्गणी भरून मिळतात ती तशीच घ्यावीत. उतरवायची तर मिळतच नाहीत ती गाणी, आणि यादी यजमानांच्या हस्ताक्षरात असेल तर ती यादी.

आता पेनड्राइव्ह. यामागची भावना मला समजते. ज्या माणसाबरोबर आयुष्यभर गाणी ऐकली त्याची आठवण म्हणून गाणीच द्यावीत, याहून स्वाभाविक काय असेल? पण प्रत आपल्या उंबऱ्याबाहेर पडली की आधी सांगितलेले सगळे कारण संपते. आपण एका कॅसेटचे पैसे मोजले होते आणि आता एकावन्न घरांत ती वाजणार. त्या पन्नास जणांपैकी काहींनी ते गाणे विकत घेतले असते किंवा वर्गणी भरून ऐकले असते. आता ते घेणार नाहीत, कारण आपण दिले. आपण नफा कमावत नाही हे खरे, पण हक्कभंग ठरण्यासाठी नफा ही अट नाही. जाणूनबुजून केलेल्या हक्कभंगाला कलम ६३ मध्ये सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड सांगितला आहे. धंद्यातील लाभासाठी केलेले नसेल तर न्यायालयाला कारणे नोंदवून शिक्षा कमी करता येते. हा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र असल्याचा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये दिला आहे. स्मृतिदिनाच्या पेनड्राइव्हसाठी पोलीस आपल्या दारात येतील असे मला मुळीच वाटत नाही, आणि घाबरवण्यासाठी मी हे लिहीत नाही. पण आपण वर्गात मुलांना पकडले जाण्याच्या भीतीने नव्हे तर पटते म्हणून नियम पाळायला शिकवले असेल, म्हणून तेवढ्याच गंभीरपणे उत्तर देते आहे.

यावर नेहमी एक युक्तिवाद केला जातो, की पैसा कंपनीच्या घशात जातो, कलावंताला काय मिळते? कॅसेटच्या काळात त्यात तथ्य होते. गीतकार-संगीतकार बहुधा एकरकमी मानधनावर सगळे हक्क लिहून देत आणि पुढे गाणे कितीही गाजले तरी हात चोळत बसत. २०१२ च्या दुरुस्तीने हेही बदलले. त्या वेळी राज्यसभेत असलेल्या जावेद अख्तर यांनी यासाठी बराच झगडा केला होता. चित्रपटगृहाबाहेर गाण्याचा वापर होईल तेव्हा मिळणाऱ्या रॉयल्टीतला गीतकाराचा आणि संगीतकाराचा वाटा आता करार करूनही काढून घेता येत नाही. रीतसर ऐकलेल्या एका गाण्यामागे हातात पडतात ते पैसेच, रुपये नव्हे. पण ते कोणाच्या तरी वृद्ध पत्नीला किंवा मुलाला मिळत असतात. आपण ज्या गाण्यांवर प्रेम केले त्यांच्या कर्त्यांच्या घरी हे पैसे जावेत की जाऊ नयेत, असा प्रश्न आपल्या यजमानांना विचारला असता तर त्यांनी काय सांगितले असते, हे आपल्याला माझ्यापेक्षा अधिक ठाऊक आहे.

स्मृतिदिनाला काहीच देऊ नका असे मात्र माझे म्हणणे नाही, कारण मराठी संगीतातला एक मोठा आणि सुंदर भाग आज कोणाच्याही हक्काखाली नाही. ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनाच्या पुढच्या वर्षारंभापासून साठ वर्षे टिकतो. १९६० साली निघालेल्या तबकडीवरचा हा हक्क २०२० च्या अखेरीस संपला. शब्द आणि चाल यांचा हक्क मात्र कर्त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षे चालतो, म्हणून तबकडी जुनी असणे पुरेसे नाही. गदिमांचे निधन १९७७ चे, तेव्हा त्यांच्या शब्दांवरचा हक्क २०३७ च्या अखेरपर्यंत आहे. सुधीर फडके २००२ मध्ये गेले, त्यांच्या चालींवरचा हक्क २०६२ पर्यंत चालेल. मग तबकडी १९५० ची असली तरी तिच्यावरचे त्यांचे गाणे वाटायला मोकळे होत नाही. उलट 'मानापमान' नाटकाचे पाहा. ते १९११ साली रंगमंचावर आले. पदे कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांची, ते १९४८ मध्ये गेले. चाली गोविंदराव टेंबे यांच्या, ते १९५५ मध्ये गेले. शब्द २००८ च्या अखेरीस आणि चाली २०१५ च्या अखेरीस सर्वांच्या झाल्या. बालगंधर्वांनी त्यातली पदे ज्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांवर गायली त्यांच्या मुद्रणाचा हक्कही केव्हाच संपला आहे. आणि आपण तर मिरजेच्या. खाँसाहेब अब्दुल करीम खाँ १९३७ मध्ये गेले; त्यांच्या हयातीत निघालेल्या तबकड्या आज कोणीही, कितीही जणांना द्याव्यात. मीरासाहेबांच्या दर्ग्यात त्यांच्या स्मरणार्थ होणाऱ्या संगीतसभेला आपले यजमान जात असतील तर त्यांच्या मित्रांना या स्वरांइतकी समर्पक भेट दुसरी नाही.

एक सावधगिरी घ्या. अशा जुन्या गाण्यांच्या कॅसेट पुढे ऐंशी-नव्वदच्या दशकांत नव्याने निघाल्या. कॅसेटच्या वेष्टनावर मुद्रणाच्या हक्कधारकाचे नाव आणि वर्तुळातल्या पी अक्षराच्या शेजारी वर्ष छापलेले असते, कारण ही माहिती देणे कायद्याने बंधनकारक आहे. ते वर्ष पुष्कळदा नव्या आवृत्तीचे असते, मूळ तबकडीचे नव्हे. आणि नव्या आवृत्तीत मागून वाद्ये मिसळलेली असली तर ते मुद्रण जुने म्हणता येणार नाही. म्हणून शक्य तर जुन्या तबकडीवरून थेट उतरवलेले मुद्रण वापरा. वेष्टनावरचे चित्र आणि मजकूर यांचेही हक्क असतात, तेव्हा त्यांच्या छायाप्रती पेनड्राइव्हवर घालू नका. बाकीच्या आवडत्या गाण्यांसाठी एक साधे पत्रक छापा: गाण्याचे नाव, कोणी गायले, कोणी लिहिले, आणि आपल्या यजमानांना ते का आवडे याचे दोन शब्द. ऐकायचे त्याने रीतसर शोधून ऐकावे. मला तर पेनड्राइव्हपेक्षा हे पत्रकच अधिक दिवस जपले जाईल असे वाटते.

व्हॉट्सॲप गट आणि यूट्यूब यांविषयी थोडक्यात. शंभर-दोनशे जणांचा गट हा खासगी उपयोग नव्हे, मग त्याचे नाव काहीही असो. यूट्यूबवर गाणे टाकणे म्हणजे ते जनतेला उपलब्ध करून देणे, आणि तो अधिकार हक्कधारकाचा आहे. केवळ जतन व्हावे म्हणून टाकले आहे, आमचा कोणताही हक्क नाही, असे खाली लिहिल्याने परवानगी मिळत नाही. उलट हक्क आपला नाही हे माहीत असल्याची ती लेखी कबुली होते.

मुलीच्या बाबतीत मी थोडी घुटमळले. भारतीय कायद्यात खासगी किंवा वैयक्तिक असे शब्द आहेत, कुटुंब असा शब्द नाही. आई मिरजेत ऐकते आणि सुटीला आलेली लेक शेजारी बसून ऐकते, यात अडचण कसलीच नाही. पण लंडनच्या घरात राहणारी संपूर्ण प्रत ही दुसऱ्या घरातली प्रत झाली. त्यात ब्रिटनचा कायदा आपल्यापेक्षा कडक आहे. स्वतः विकत घेतलेल्या संगीताची स्वतःसाठी प्रत काढण्याची मुभा तिथे १ ऑक्टोबर २०१४ पासून देण्यात आली होती, पण संगीतकारांच्या संघटना न्यायालयात गेल्या आणि हक्कधारकांना भरपाईची काही सोय न करता ही मुभा दिली म्हणून जुलै २०१५ मध्ये ती रद्द झाली. जर्मनीने १९६५ पासून निराळा मार्ग धरला आहे: मुद्रण करण्याच्या यंत्रांच्या किमतीतच एक आकार घ्यायचा, तो हक्कधारकांत वाटायचा, आणि मग लोकांना घरगुती प्रती काढू द्यायच्या. भारतात असा आकार नाही, त्यामुळे आपण प्रतीचे पैसे आधीच भरले आहेत असे आपल्याला म्हणता येत नाही. लेकीला द्यायचेच असेल तर मूळ कॅसेट वाटून द्या. तिला लहानपणापासून जिव्हाळ्याच्या वाटणाऱ्या वीस-पंचवीस कॅसेट तिने न्याव्यात, आणि त्यांच्या प्रती आपण आपल्याकडून काढून टाकाव्यात. हे फार काटेकोर वाटते का? वाटत असेल. आईने लेकीला चार गाणी पाठवली म्हणून मी कोणाला दोष देणार नाही; पण चारशे कॅसेटचा संग्रह म्हणजे चार गाणी नव्हेत, आणि आपण मला नीतीविषयी विचारले आहे.

राहिल्या बैठकी. इथे कंपनी नाही, वेष्टन नाही, किंमत नाही. आहे तो एका कलावंताने दहा-वीस ओळखीच्या माणसांसमोर ठेवलेला विश्वास. घरगुती बैठकीत गवई जे गातो ते पुष्कळदा रंगमंचावर गात नाही: अर्धवट आठवलेली बंदिश, प्रयोग म्हणून घेतलेली एखादी जागा, मध्येच गुरूविषयी सांगितलेली आठवण. समोर टेप ठेवू दिला तो ऐकणाऱ्यांवरच्या भरवशाने. कायदाही याच बाजूने आहे. कलावंताला आपल्या प्रयोगावर पन्नास वर्षे हक्क असतो, म्हणजे १९९६ च्या बैठकीवरचा हक्क २०४६ च्या अखेरपर्यंत चालेल; त्याच वेळी कलम ३९ सांगते, की मुद्रण करणाऱ्याने स्वतःच्या खासगी उपयोगासाठी किंवा निव्वळ अध्यापन-संशोधनासाठी केलेले मुद्रण हा त्या हक्काचा भंग नव्हे. (आकाशवाणीवरून मुद्रित केलेले काही संग्रहात निघाले तर त्यालाही हेच कलम उपयोगी पडेल.) यजमानांनी ही मुद्रणे केली यात काही वावगे नव्हते, आणि आपण ती संगणकावर उतरवून ऐकत राहिलात तर त्यातही नाही. पण ती गटावर, यूट्यूबवर किंवा पेनड्राइव्हवर जाऊ नयेत, अगदी बैठकीला हजर असलेल्या मित्रांनी मागितली तरी, कलावंताला किंवा त्यांच्या कुटुंबीयांना विचारल्याशिवाय जाऊ नयेत.

विचारणे हीच मी आपल्याला दिलेली सर्वांत गोड जबाबदारी आहे असे समजा. ज्यांची ज्यांची बैठक सापडेल त्यांना किंवा त्यांच्या घरच्यांना पत्र पाठवा, अमुक तारखेचे मुद्रण आमच्याकडे आहे असे कळवा, आणि त्याची एक प्रत त्यांना द्या. पुष्कळ कलावंतांच्या घरी त्यांची स्वतःची अशी मुद्रणे नसतात. आपल्याकडे असलेल्या प्रतीवर त्यांचा हक्क आपल्यापेक्षा मोठा आहे, आणि बहुतेक जण ती मिळाल्यावर मित्रांना द्यायला आनंदाने संमती देतील. संमती लेखी घ्या. मोबाइलवरचा दोन ओळींचा संदेशही पुरे. कोणी नको म्हटले तर कारण विचारू नका. मात्र बैठकीच्या सुरुवातीला यजमानांनी स्वतःच्या आवाजात तारीख, गायकाचे आणि साथीदारांचे नाव सांगून ठेवले असेल, तर तेवढा तुकडा लेकीला आजच पाठवा. तो आवाज तुमचाच आहे आणि त्यासाठी कोणाच्याही परवानगीची गरज नाही.

उतरवण्याचे काम करताना दोन-तीन गोष्टी सांभाळा. मिरजेच्या पावसाळ्यात फितीवर पांढरी बुरशी धरते. अशी कॅसेट तशीच चालवली तर बुरशी टेपच्या हेडवर बसते आणि पुढच्या दहा कॅसेट खराब करते, म्हणून ती बाजूला काढून जाणकाराकडे द्या. फितीच्या मागे तांब्याच्या पातळ पट्टीवर नमद्याचा छोटा तुकडा चिकटवलेला असतो. तो निखळला असेल तर आवाज दबका येतो आणि दोष फितीचा आहे असे वाटून लोक कॅसेट फेकून देतात. कॅसेटच्या वरच्या कडेला असलेल्या दोन छोट्या पट्ट्या बैठकींच्या कॅसेटवर शाबूत असतील तर त्या आधी मोडून टाका, म्हणजे चुकून मुद्रणाचे बटण दाबले गेले तरी वरचे पुसले जाणार नाही. नव्वद मिनिटांची कॅसेट उतरायला नव्वद मिनिटेच लागतात. घाईने दुप्पट वेगात उतरवण्याची लालूच धरू नका. फाइल लहान करण्यासाठी आवाजातले काही गाळून न टाकणाऱ्या स्वरूपात (उदाहरणार्थ WAV) साठवा, मिनिटाला दहा एमबीच्या आसपास जागा लागेल, आणि प्रत्येक कॅसेटच्या दोन्ही बाजूंचा व वेष्टनाचा फोटो त्याच फोल्डरमध्ये ठेवा.

उतरवून झाल्यावर मूळ कॅसेट भंगारात देऊ नका, विकूही नका. आपल्याकडे प्रत असण्याचे समर्थनच मुळी ती कॅसेट आपल्याकडे आहे यावर उभे आहे; कॅसेट विकून प्रत ठेवली तर एका खरेदीत दोघे ऐकणार, आणि मुलाचा आक्षेप तिथे खरा ठरेल. कोरड्या जागी, उभ्या ठेवा. आणि सुरुवात बैठकींच्या कॅसेटपासून करा. बाकीच्या गाण्यांच्या प्रती कुठे ना कुठे आहेत. या पंचवीस-तीस कॅसेटची दुसरी प्रत कोणाकडेच नाही, आणि पावसाळा आला की त्यांतली एखादी तरी हातची जाईल.